जो जॅक्सन क्रमाने ऐकतोय : आठवा महिना, 'बिग वर्ल्ड'पर्यंत आलो

मंडळी, मागची नोंद लिहून दोन महिने झाले, मधे पावसाळा आला आणि रेकॉर्डी कपाटातून काढायच्याच नाहीत असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. नवीन कोणी वाचत असेल तर थोडक्यात सांगतो, जो जॅक्सन या ब्रिटिश गायक-संगीतकाराचे अल्बम निघाले त्या क्रमानेच ऐकायचे, जमेल तितके एलपीवर (म्हणजे मोठ्या रेकॉर्डवर), एक अल्बम किमान दोन आठवडे, पुढचा आधी लावायचा नाही आणि प्रत्येकातलं एक गाणं कीबोर्डवर बसवायचं. आठ महिन्यांत १९७९ पासून १९८६ पर्यंत आलोय.

माणूस थोडा समजून घेतल्याशिवाय पुढचं नीट लागत नाही म्हणून आधी तेवढं. जन्म ११ ऑगस्ट १९५४, बर्टन अपॉन ट्रेंटचा, खरं नाव डेव्हिड इयन जॅक्सन, वाढला पोर्टस्मथमधे. लहानपणी दमा, म्हणून खेळ बंद, त्यातून हातात व्हायोलिन आलं आणि मग पियानो. सोळाव्या वर्षी पोर्टस्मथच्या बाहेर गोंदाच्या कारखान्याशेजारच्या एका पबमधे पैसे घेऊन पियानो वाजवायला लागला आणि नंतर थेट लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमधे संगीतरचना शिकायला. म्हणजे एकीकडे बीथोवन आणि दुसरीकडे दारू प्यायलेली गिऱ्हाईकं, दोन्ही एकाच वयात. 'जो' हे नाव मित्रांनी पाडलेलं, टीव्हीवरच्या 'जो ९०' नावाच्या बाहुल्यासारखा दिसतो म्हणून. मग आर्म्स अँड लेग्ज नावाचा बँड, तो मोडला, मग एका कॅबरे जोडीचा म्युझिक डायरेक्टर म्हणून नोकरी आणि त्यातून साठवलेल्या पैशात स्वतःचे डेमो, म्हणजे नमुन्यादाखल रेकॉर्डिंग. ते डेमो ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीच्या डेव्हिड कर्शेनबॉमच्या कानावर पडले आणि १९७९ च्या जानेवारीत 'लुक शार्प!' आला.

पहिले तीन अल्बम, 'लुक शार्प!', 'आय ॲम द मॅन' आणि 'बीट क्रेझी', यांच्याबद्दल आधी भरपूर लिहिलंय, परत नाही लिहीत. फक्त एक, 'लुक शार्प!'चं कव्हर परवा परत हातात घेतलं, ब्रायन ग्रिफिनने काढलेला फोटो, उन्हाच्या पट्ट्यात टोकदार पांढरे बूट, चेहरा कुठेच नाही. पहिल्याच अल्बमवर गायकाचं तोंड नाही! त्यातलं 'इज शी रियली गोइंग आउट विथ हिम?' १९७८ मधे सिंगल म्हणून काढलं तेव्हा चाललं नव्हतं, १९७९ मधे परत काढलं आणि ब्रिटनमधे १३ व्या नंबरपर्यंत गेलं. ग्रॅहम मेबीचा बेस ऐकायचा असेल तर हाच अल्बम. गिटार फक्त मधेमधे ठिणग्या टाकते, गाणं सगळं बेसवर उभं असतं. मेबी आर्म्स अँड लेग्जपासूनचा दोस्त आणि पुढे कित्येक दशकं सोबत राहिला.

आता या दोन महिन्यांत मला जे सापडलं ते. या माणसाबद्दल सगळे म्हणतात की तो सारखा प्रकार बदलतो, आज न्यू वेव्ह (पंकनंतरचं रॉक) उद्या स्विंग (जुनं नाचायचं जॅझ) परवा साल्सा, कुठे टिकतच नाही. क्रमाने ऐकल्यावर मला ते अजिबात पटत नाही. तो प्रत्येक अल्बमला एक पथ्य पाळतो. काय घालायचं हे नंतर, आधी काय वर्ज्य ते ठरवतो आणि मग त्या पथ्यातून संगीताचा प्रकार आपोआप बाहेर पडतो.

'जंपिन जाइव्ह' (१९८१) बघा, तिथे स्वतःची गाणीच वर्ज्य. लुई जॉर्डन आणि कॅब कॅलोवेची १९४० च्या आसपासची नाचायची गाणी, ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी फुंकवाद्यं) लावून, आणि हे केव्हा, तर ऐन न्यू वेव्हच्या भरात, स्विंगची लाट परत यायला अजून पंधरा वर्षं असताना. 'नाइट अँड डे' (१९८२) मधे गिटार वर्ज्य. तेव्हा तो न्यूयॉर्कला राहायला गेला होता, रस्त्यावर लॅटिन संगीत कानावर पडत होतं, म्हणून सू हाजोपुलोसचे काँगा आणि टिंबाले हे लॅटिन ढोल आले आणि गिटारची जागा पियानोने घेतली. एलपीची एक बाजू रात्रीची आणि एक दिवसाची, आणि रात्रीच्या बाजूची गाणी मधे न थांबता एकातून एकात जातात, टॅक्सीतून शहर बघत चालल्यासारखी. हे स्ट्रीमिंगवर सुटी सुटी ऐकलं की पार हरवतं, म्हणून सांगतोय, निदान ती बाजू तरी सलग ऐका.

'स्टेपिन आउट' याच बाजूचं शेवटचं गाणं, ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे ६ व्या नंबरवर गेलेलं, ग्रॅमीच्या रेकॉर्ड ऑफ द इयरला नामांकन. कीबोर्डवर हेच बसवतोय, चौथा आठवडा चालू आहे. डाव्या हाताला बेसची ओळ, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पळत राहते, एकदाही श्वास घेत नाही, आणि उजव्या हाताचे कॉर्ड्स तिच्या मधल्या फटींत पडतात. आधी मी दोन्ही हात एकदम घेत होतो आणि चौथ्या मात्रेला कायम डावा हात उजव्यासाठी थांबायचा. मग आमच्या तबला शिकवणाऱ्या काकांनी सांगितलं की डावा हात म्हणजे लेहरा (तबल्यासोबत सारखी फिरत राहणारी धून) समज, लेहरा कोणासाठी थांबत नाही. त्या दिवसापासून आठ दिवस फक्त डावा हात वाजवला, सोबत तोंडाने उजव्या हाताचे कॉर्ड 'धा' म्हणून टाकायचे. नवव्या दिवशी दोन्ही हात जुळले. सध्या मूळ वेगाच्या पाऊण वेगात पूर्ण वाजतंय.

'बॉडी अँड सोल' (१९८४) वर जास्त थांबलो नाही, कव्हर मात्र बघत बसावं असं, जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सच्या, ब्लू नोट कंपनीने काढलेल्या १९५७ च्या एलपीची हुबेहूब आठवण. रेकॉर्डिंग एका जुन्या मोठ्या हॉलमधे केलंय, त्यामुळे ट्रंपेट वाजून संपला तरी हॉल थोडा वेळ वाजत राहतो. हेडफोनवर ऐकलं तर जास्त कळतं.

आणि मग 'बिग वर्ल्ड'. यासाठीच ही नोंद लिहायला बसलो. जानेवारी १९८६, न्यूयॉर्कचं राउंडअबाउट थिएटर, समोर तिकीट काढून आलेले लोक आणि त्यांना सांगितलेलं की गाणं पूर्ण विरेपर्यंत टाळी नाही, आवाज नाही. रेकॉर्डिंग थेट दोन ट्रॅकवर, म्हणजे नंतर काही दुरुस्त करायचा, वरून काही चढवायचा मार्गच नाही, जे वाजलं तेच अल्बमवर. स्टुडिओतला पक्केपणा आणि मैफलीतली धाकधूक दोन्ही एकत्र पाहिजे म्हणून हा खटाटोप. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लाइव्ह असल्याचं कळलंच नव्हतं. आता कळतं ते गाण्याच्या शेवटी, शेवटचा सूर विरतो तेव्हा त्या शांततेत माणसं बसलीयेत हे जाणवतं. आपल्याकडे चांगल्या मैफलीत तानपुरा सुरू असतो आणि गवय्याने अजून तोंड उघडलेलं नसतं, त्या वेळची शांतता असते ना, तशी.

१५ गाणी, दोन एलपी, पण भरल्यात तीनच बाजू. चौथी कोरी! माझी प्रत मागच्या महिन्यात आली, विकणाऱ्याने 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं आणि पहिल्या बाजूवर बोटभर लांब चरा निघाला, दोन गाण्यांत टकटक ऐकू येते, पैसे परत मागितले तर उत्तर नाही. पण चौथी बाजू बघितली आणि राग गेला. खाचा नाहीत, नुसता काळा गुळगुळीत आरसा, खिडकीपाशी धरला तर समोरच्या आंब्याचं झाड त्यात दिसतं. सुई मात्र चुकूनही ठेवू नका, धरायला खाच नसल्यामुळे ती आडवी घसरत जाते आणि टोकाची वाट लागते. तीन बाजूंना पुरेल एवढंच होतं, तर चौथी भरायला काहीतरी आणून चिकटवलं नाही, हे मला फार आवडलं.

पुढची यादी बघितली तरी पथ्यांचीच माळ दिसते. 'विल पॉवर' (१९८७) मधे आवाजच वर्ज्य, नुसतं वाद्यसंगीत. १९९९ च्या 'सिंफनी नंबर १' मधे ऑर्केस्ट्रा नाही, सिंफनी असून! त्यात स्टीव्ह व्हायची गिटार आणि टेरेन्स ब्लँचर्डचा ट्रंपेट आहे आणि ग्रॅमी मिळालं ते याच अल्बमला. 'रेन' (२००८) मधे परत गिटार नाही, पियानो बेस ड्रम्स तिघंच. 'द ड्यूक' (२०१२) म्हणजे ड्यूक एलिंग्टनची गाणी, पण ब्रास एकही नाही. हे सगळं अजून ऐकलेलं नाही, माझा नियम मोडायचा नाही म्हणून थांबलोय, पण 'द ड्यूक'ची फार उत्सुकता आहे.

त्याआधी १९८८ चा 'लाइव्ह १९८०/८६' लागेल. त्यात 'इज शी रियली'चे तीन अवतार आहेत, एक मूळ बँडचा, एक नुसत्या गळ्यांचा, एक अकूस्टिक. गळ्यांचा अवतार बसवायला चार जण लागतील. दोघं तयार आहेत, धाकटी बहीण वरचा सूर धरते म्हणाली, आणि खर्जाला कोणी पुण्यात असेल तर कळवा, रविवारी सकाळी आमच्याकडे बसू.