धनुष्य नसलेली डायाना

युरोपच्या सहलींवर मी टूर मॅनेजर म्हणून जाते. इटलीतल्या पुरातत्त्वस्थळांवर माहिती देण्याचे काम परवानाधारक स्थानिक गाईडचे असते; तो इंग्रजीत बोलतो आणि मी ते हेडसेटवरून ग्रुपला मराठीत सांगते. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या आग्नेय भागात, अँफिथिएटरजवळ, ऑक्टेव्हियस क्वार्तिओचे घर आहे. तिथे मागच्या अंगणाकडील एका दाराशी मी वर्षानुवर्षे एकच वाक्य सांगत आले होते : ‘दाराच्या एका बाजूला शिकारीची देवता डायाना आणि दुसऱ्या बाजूला तिला पाहणारा ॲक्टिऑन.’ त्या सकाळी वाक्य पूर्ण होताच मागून एका काकूंनी विचारले, “ताई, शिकारीची देवता म्हणता, मग हिचं धनुष्य कुठंय?”

मी चित्राकडे नीट पाहिले. डायाना गुडघे दुमडून, विवस्त्र, स्नानाला बसलेली आहे. शिकार आहे ती दाराच्या पलीकडे : ॲक्टिऑनवर त्याचेच कुत्रे तुटून पडले आहेत. मी गोष्ट सांगितली. ग्रीक पुराणकथांतल्या कॅडमस राजाचा हा नातू शिकारीला निघालेला असताना वाट चुकून देवीच्या स्नानाच्या जागी पोहोचतो. ती त्याचे हरीण करते आणि ज्या कुत्र्यांना त्याने नावाने हाका मारून शिकवले, ते धन्याला न ओळखता फाडून टाकतात. काकूंचे समाधान झाले नाही. धनुष्याचा प्रश्न तसाच राहिला.

ग्रुपमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता होते. चित्रांपेक्षा दारापुढून जाणाऱ्या अरुंद जलमार्गातच त्यांचा जीव अडकला होता. त्याला मी सवयीने ‘कालवा’ म्हटले, तेव्हा त्यांनी मला लगेच थांबवले. “ताई, हा कालवा नव्हे. कालवा केवढा असतो! ह्याला पाट म्हणा.” त्यांचे म्हणणे रास्तच होते, त्या दिवसापासून मी पाट म्हणते. शहराला पाणी सेरीनोच्या झऱ्यांवरून येणाऱ्या जलवाहिनीचे, ते व्हेसुव्हियस दरवाजाजवळच्या वाटपघरात यायचे आणि तिथून शिशाच्या नळांनी रस्त्यांवरील मनोऱ्यांत व घरांत जायचे, एवढे मला सांगता आले. पाट इंग्रजी टी अक्षरासारखा आहे. आडवा फाटा घराच्या मागच्या ओसरीलगत, उभा फाटा बागेतून लांबवर खाली. आडव्या फाट्याच्या एका टोकाला रोमन रीतीने जेवणासाठी आडवे होण्याचे दोन चौथरे आहेत आणि दुसऱ्या टोकाला डायानाचे दार. अभियंता काका चौथऱ्यापाशी जाऊन वाकले, पाटाच्या रेषेतून नजर लावली आणि तिथूनच ओरडले, “पाणी वाहतं असताना जेवणाऱ्याची नजर सरळ तिच्याकडेच जात असणार!” पाट त्या दिवशी कोरडा होता.

तेव्हा मला रोमन कवी ओव्हिड आठवला. ही कथा त्याने ‘मेटामॉर्फोसीज’ या काव्याच्या तिसऱ्या सर्गात सांगितली आहे, आणि तिथेही डायानाच्या हाताशी बाण नाहीत. ते असते तर बरे, असे तिला वाटते. पण जवळ आहे ते पाणी, म्हणून ती ओंजळभर पाणीच त्याच्या तोंडावर फेकते आणि त्या शिंतोड्यांनीच त्याला शिंगे फुटू लागतात. मी हे सांगितल्यावर काकू एवढेच म्हणाल्या, “म्हणजे पाण्यानंच मारलं.” अभियंता काका परत येऊन दारात उभे राहिले होते, एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला कुत्रे. काकूंनी त्यांना बाजूला व्हायला सांगितले, “तुम्ही नेमके त्याच्याच जागी उभे आहात हो!” सगळे हसले, पण दारातून आत जाणारा प्रत्येक माणूस त्या दोन चित्रांच्या मधून जातो, हे इतक्या वर्षांत मला कोणीच सुचवले नव्हते. मलाही सुचले नव्हते, हे जास्त लागले.

चौथऱ्यांजवळ स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेला नार्सिसस आणि पिरॅमस-थिस्बी हे प्रेमी यांची चित्रे आहेत, आणि ‘लूकिउसने रंगवले’ अशी लॅटिन सहीही. पॉम्पेईच्या भिंतींवर चित्रकाराची सही इतकी दुर्मिळ आहे, की गाईड तिथे रेंगाळतोच. आमच्या लोकांनी मात्र ती घाईने पाहिली.

दुपारी नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेईजवळच्या स्टेबिया या प्राचीन गावातली डायाना पाहायची होती. तिथल्या व्हिला आरियान्ना या रोमन हवेलीतल्या एका शयनगृहात पुराणकथांतल्या फ्लोरा, लेडा आणि मीडिया यांच्या सोबतीने ही आकृती होती. 1759 मध्ये नेपल्सच्या बोर्बन राजवटीच्या उत्खननात ती भिंतीतून कापून काढण्यात आली. उंचीला जेमतेम एका फुटाच्या आसपास, फिकट पार्श्वभूमीवर एकटी, हातात धनुष्य. काकूंनी माझ्याकडे वळून पाहिले आणि मान हलवली. सकाळचा प्रश्न सुटला, असा त्याचा अर्थ मी घेतला. पण अभियंता काका काचेपाशी बराच वेळ थांबले. धनुष्य आहे, पण समोर हरीण नाही, कुत्रा नाही, झाड नाही, पाणीही नाही.

“हिच्या भोवतीची भिंत कुठं आहे?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “काका, ती तिकडेच राहिली, स्टेबियात.” त्यांनी खिशातली वही काढली. सकाळी काढलेल्या पाटाच्या नकाशावर पाण्याच्या दिशेचे बाण होते. दाराच्या दोन्ही बाजूंना त्यांनी आता दोन छोटे चौकोन काढले आणि मला ॲक्टिऑनचे नाव पुन्हा एकदा, सावकाश, सांगायला लावले.