मुनीमकाकांचा सेल

कापसाच्या ऐन हंगामात धरणगावकडच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, सकाळी फोन आला. काट्यावरचा कॉम्प्युटर बंद, बाहेर ट्रॅक्टरांची रांग. मी जळगावहून बाइकवर निघालो, पाठीवर नेहमीची सॅक. तिच्यात पेचकस, केबल, टेप आणि जुन्या बिलांचा गोळा असं सगळं एकत्र कोंबलेलं.

मशीन चालू व्हायचं, विंडोजचं चिन्ह दिसायचं, मग निळा पडदा आणि पुन्हा सुरुवात. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "हार्डडिस्क गेली." डिस्क काढून ऑफिसच्या दुसऱ्या मशीनला जोडली, तर ती ठणठणीत! परत बसवताना स्क्रू हातातून सुटला आणि थेट मदरबोर्डखाली गेला. लोहचुंबकाच्या टोकाचा पेचकस सॅकमध्ये नव्हता. तो कुठे राहिला हे आठवेना. असा स्क्रू आत ठेवून वीज देणं म्हणजे शॉर्टसर्किटला आमंत्रण. शिवाय रुईचे तंतू सगळीकडे. पंख्यावर तर चक्क गादी भरता येईल इतका कापूस होता.

बाहेरून एक आजोबा डोकावले, "काय भो, काटा व्हई का नही आज?"

मी मान न वर करता "होईल, होईल" म्हटलं.

शेवटी जिनचा फिटर आला. त्याने आपली पत्र्याची पेटी उघडली. आत फळीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली, पाना तिथेच बसणार. चुंबक काढला, दोऱ्याला बांधून आत सोडला, स्क्रू वर आला. पेटी बंद करण्याआधी त्याने फळीवरून नजर फिरवली. मोजलं नाही, नुसतं पाहिलं. एखादी आकृती उघडी दिसली असती, तर पेटी बंद झाली नसती.

स्क्रू निघाल्यावर डोकं जागेवर आलं. विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटअपमध्ये गेलो, तर तारीख 1 जानेवारी 2009. हे मी आधीच बघायला हवं होतं. वीज नसताना तारीख आणि सेटिंग जपणारा बोर्डावरचा सीआर 2032 सेल मेला होता. एरवी मेन्सची वीज चालू असते तोवर सेलला फारसं काम नसतं. रात्री लाइट गेली आणि सेटिंग पुसली गेली. डिस्कशी बोलायची पद्धत, म्हणजे मोड, एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला, म्हणून विंडोज उठेना. सेल नवा असला की 3 व्होल्ट दाखवतो. मल्टिमीटर लावला असता, तर मिनिटात कळलं असतं. पण मल्टिमीटर मी चालूच ठेवून सॅकमध्ये टाकलेला, त्याचीच बॅटरी उतरलेली.

आणि नवा सेल? नव्हता.

मुनीमकाकांनी ड्रॉवरमधून शुगर मोजायचं यंत्र काढलं. "ह्याच्यात बसतो बघ तोच." यंत्राचा सेल बोर्डावर बसवला, तारीख घातली, मोड एएचसीआय केला, काट्याच्या वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरची सिरियल केबल पुन्हा घट्ट केली. विंडोज उठलं. भरल्या ट्रॅक्टरचा पहिला काटा झाला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. काका म्हणाले, "आता जेवणानंतर माझी शुगर कशी मोजणार?" मी गप्प.

त्या आठवड्यात शिंप्याकडून जाड ताडपत्रीच्या कापडाची गुंडाळी शिवून घेतली. प्लॅस्टिकच्या पेटीचं हँडल बाइकच्या हादऱ्यांनी तुटतं, हा दोनदाचा अनुभव. प्रत्येक हत्याराला स्वतंत्र कप्पा आणि कप्प्याच्या आतून पिवळं कापड, म्हणजे रिकामा कप्पा लांबून दिसतो. लांब दांड्याचा फिलिप्स नंबर 2, म्हणजे फुलीच्या टोकाचा पेचकस, चुंबकासह. स्क्रूंसाठी औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी. केसचे 6-32 जाड आट्यांचे, एसएसडीचे एम 3 बारीक आट्यांचे. एकाच्या जागी दुसरा कोंबला की आटे गेलेच. सीआर 2032 ची अख्खी पट्टी, आणि मल्टिमीटरची बॅटरी काम झालं की बाहेर. प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट मात्र घरी ठेवतो. उन्हाळ्यात डिकीत तिच्यातलं तेल सुटू शकतं.

काकांचा सेल परत द्यायला गेलो, तेव्हा फिटरला गुंडाळी उलगडून दाखवली. त्याने नजर फिरवली आणि एका पिवळ्या कप्प्यावर बोट ठेवलं.

"हा रिकामा कशाचा?"

चिमटा. तो सकाळी अमळनेरच्या शाळेतल्या लॅबमध्ये राहिला होता.