डेयोचा लॉब आणि सचिनची कप्तानी

परवा घरमालकांकडे कॉफीला बसलो होतो. मॉन्टेनेग्रोच्या या राजधानीत, पोदगोरित्सात, कॉफीला बसायचं म्हणजे दोन तास गेले असं धरूनच बसावं. घड्याळाकडे पाहिलं की ‘पोलाको’ ऐकावं लागतं, म्हणजे सावकाश घ्या. बोलता बोलता फुटबॉलपटू डेयान (लाडानं डेयो) साविचेविचचा विषय निघाला. पाहुण्यानं करावं तसं मी कौतुक केलं, "केवढा मोठा माणूस तुमच्या गावचा!"

"खेळाडू म्हणून देव," ते म्हणाले. "कोच म्हणून भिकार."

मी उडालोच. स्वतःच्या गावच्या देवाबद्दल असं बोलतात?

माणूस साधासुधा नाही. जन्म 1966 चा, इथलाच. तेव्हा गावाचं नाव तितोग्राद होतं (नावबदलाचं आपल्याला काय नवल!). इथल्या बुदुच्नोस्त क्लबमधून बेलग्रेडच्या रेड स्टारकडे, तिथे 1991 चा युरोपियन कप, मग इटलीत मिलान. तिथे लोक त्याला ‘इल जेनियो’ म्हणायचे. 18 मे 1994, अथेन्स, युरोपातल्या क्लबांच्या त्याच चषकाचा अंतिम सामना, समोर बार्सिलोना. व्हॅन बास्टेन जायबंदी, बारेसी आणि कोस्ताकुर्ता निलंबित. दुसरा हाफ सुरू होऊन दोन मिनिटंच झालेली. उजव्या बाजूनं, बॉक्सच्या कडेवरून यानं डाव्या पायानं चेंडू डोक्यावरून असा उचलला (त्यालाच लॉब म्हणतात) की गोलकीपर झुबिझारेता नुसता मान वर करून बघत राहिला. मिलान जिंकलं 4-0. ती क्लिप मी पन्नासदा पाहिली असेन. दरवेळी वाटतं, चेंडू जरा जास्तच वेळ हवेत राहतो.

आणि कोच? 2001 मध्ये अनुभव शून्य असताना युगोस्लाव्हियाचा संघ हाती आला (मॉन्टेनेग्रो तेव्हा त्यातच होता). इटलीला नेपल्समध्ये 1-1 रोखलं, तेवढं चांगलं. मग फेब्रुवारी 2003 मध्ये अझरबैजानशी 2-2, तेही इथे, घरच्या मैदानावर. जूनमध्ये बाकूत त्यांच्याकडूनच 2-1 नं हार आणि राजीनामा. पुढच्याच वर्षी हे गृहस्थ इथल्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले! देश स्वतंत्र झाला 2006 मध्ये, आणि मार्च 2007 मधल्या पहिल्याच सामन्यात हंगेरीला 2-1 हरवलं. सहा लाखांचा देश हो, कोल्हापूर शहराहून जरासा मोठा. शाहू स्टेडियमवर पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना आमचीही गर्दी कमी नसते, पण ते असो.

घरमालकांनी हे सगळं एका दमात सांगितलं, लॉबही आणि बाकूही. आवाज ना चढला, ना उतरला.

मलाही चेव आला. म्हटलं, आमच्याकडेही आहे असा एक. कप्तान म्हणून 25 कसोटी, विजय 4. त्यांना क्रिकेट ठाऊक नाही, सचिन त्याहून नाही. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी टेबलावर चमचा मांडून खेळपट्टी केली आणि बार्बाडोस 1997 समजावू लागलो. 120 करायचे होते, 81 त आटोपलो, त्यात त्याचा काय दोष? पहिल्या डावात 92 काढले होते त्यानं! (दुसऱ्या डावातले 4 मी सांगितले नाहीत.) शिवाय संघ, खेळपट्ट्या, निवड समिती... काही सोडलं नाही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचाही तसाच."

"तसाच नाही हो..."

"पोलाको," म्हणत त्यांनी माझा कप पुन्हा भरला.