पडत्या भावातला हिरो

ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा आपला संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायच्या खेळात, नवख्याला फार प्रेमाने ओढतात. कुणीतरी गिऱ्हाईक लागतंच. 2023 साली आमच्या ओहायोच्या ऑफिसात ते मी होतो.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडताना, पहिल्याच फेरीत मी जमार चेस उचलला. सिनसिनाटी बेंगॉल्सचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलून पळणारा), म्हणजे इथला लाडका. पहिल्या सामन्यात क्लीव्हलंडच्या पावसात त्याचे 5 झेल आणि 39 यार्ड, दुसऱ्यात 5 झेल, 31 यार्ड. आमच्याकडे झेलाला 1 गुण, 10 यार्डांना 1, टचडाउनला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की, 6. म्हणजे 8.9 आणि 8.1. मार्केट पडल्यावर रात्री तीनदा डीमॅट उघडून बघणाऱ्या मामासारखी माझी अवस्था झाली.

सोमवारी हिशेब खात्यातला एकजण टेबलापाशी आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वाईट वाटतं रे तुझ्यासाठी. संध्याकाळपर्यंत चेस त्याचा झाला होता आणि माझ्याकडे एक बऱ्यापैकी रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन धावणारा) आला होता.

मी फक्त गुण बघत होतो. चेस धावत होता तसाच धावत होता, चेंडूही त्याच्याकडे येत होता. पण त्याच्याकडे चेंडू फेकणाऱ्या जो बरोची पोटरी जुलैच्या सरावात दुखावली होती आणि तो अजून पाय नीट रोवू शकत नव्हता. दुखत होती एकाची पोटरी आणि भाव पडला होता दुसऱ्याचा. हिशेबवाल्याला हे माहीत होतं. पाचव्या आठवड्यात अ‍ॅरिझोनात चेसने 15 झेल, 192 यार्ड आणि 3 टचडाउन केले. बेरीज 52.2. मी ती कॅल्क्युलेटरवर करून पाहिली. मग पुन्हा एकदा.

पुढच्या वर्षी ठरवलं, आता पडत्या भावात आपण घ्यायचं. कॅन्सस सिटी चीफ्सच्या ट्रॅव्हिस केल्सीचे पहिल्या तीन सामन्यांत मिळून 8 झेल, 69 यार्ड, टचडाउन शून्य. आणि केल्सी नेमका त्याच हिशेबवाल्याकडे! मी गेलो, खांद्यावर हात ठेवला, वाईट वाटतं म्हणालो. घासाघीस नाही, विचार करतो नाही, गड्याने दोन मिनिटांत होकार दिला. तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. इथे कुणाची पोटरी दुखत नव्हती. केल्सी त्या ऑक्टोबरात पस्तिशी गाठत होता. 2022 मध्ये 12 टचडाउन करणाऱ्या या माणसाचे त्या मोसमात अवघे 3 झाले.

यंदा ड्राफ्टच्या आदल्या दिवशी हिशेबवाल्याने कॉफीला बोलावलं. मी मीटिंग आहे म्हणून सांगितलं.