न वाळलेलं तळं

आमच्या गॅलरीत भिंतीला टेकून एक तळं उभं आहे. तोक्योच्या शिंजुकू ग्योएन बागेतलं. १६ बाय २० इंचांच्या कॅनव्हासवर मीच रंगवलंय, आणि गेले १८ दिवस ते वाळायचं नाव घेत नाहीये.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लेकीकडे गेले होते, तेव्हा पाहिलेलं. त्या बागेत दारू न्यायला बंदी, त्यामुळे साकुराखाली, म्हणजे चेरीच्या फुललेल्या झाडांखाली, माणसंच माणसं असूनही गलका नव्हता. बहर ओसरायला लागला होता. वारा आला की पाकळ्या पाण्यावर उतरायच्या आणि काठाकाठानं साचायच्या. जपानीत याला ‘हानाइकादा’ म्हणतात, फुलांचा तराफा. मला मात्र ती दुधावरची सायच वाटली. एक बदक मधून गेलं, तर मागे तशीच सुरकुतली.

ती साय हवी म्हणून तैलरंग काढले. पहिल्या दिवशी ट्यूबमधला गुलाबी सरळ फासला, तर झाडांवर स्ट्रॉबेरी आइस्क्रीम वितळल्यासारखं दिसायला लागलं. सगळं सुरीनं खरवडलं. ‘सोमेई योशिनो’ जातीचं झाड लांबून गुलाबी भासतं, पण पाकळी तळहातावर घेतली तर जवळजवळ पांढरी. पांढऱ्यात सुईच्या टोकाएवढा लाल घातला, तेव्हा कुठे जमलं. पाण्यानं मात्र तीन संध्याकाळी खाल्ल्या. वरचं पांढरं खाली पाण्यात मळकं दिसतं, आणि खोडाचा काळा उलट जरा फिकटतो. हे डोळ्यांना कळतं, हाताला पटत नाही.

या जातीची झाडं बियांपासून नाही, कलमांवरच वाढवलेली. म्हणजे देशभर पसरलेलं एकच झाड म्हणा ना. म्हणून एका ठिकाणची सगळी एकदम फुलतात आणि एकदम झडतात. तोक्योत यासुकुनी देवळातल्या एका ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं. सरकारी नोकरीत फुलं मोजायची! पूर्ण बहराला पुढे आठवडाभर, आणि मग एखादा जोराचा पाऊस पुरतो.

आणि असलं घाईचं फूल मी जवसाच्या तेलात रंगवायला घेतलं. ते तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत घेत सावकाश घट्ट होतं. रंगाचा थर जाड असला की आणखी उशीर, आणि माझी साय चांगली जाडच आहे. वॉर्निश सहा महिन्यांनी, जमलं तर वर्षानं. तोवर तिकडे पुढचा बहर येऊन झडलासुद्धा असेल.

काल दिवा लावायला गेले, तर काठाजवळच्या पाकळ्यांत एक चिलट अडकलेलं. पाय अजून हलत होते. टाचणीच्या टोकानं अलगद उचललं, तर त्याच्याबरोबर एक पाकळीही सरकून पाण्यात गेली. राहू दिली.