कोथिंबिरीवरचं ओलं गोणपाट

"ताई, हे जरा वाचून सांगा ना." दुपारी दीडला बडोद्याच्या खंडेराव मार्केटबाहेर भाजीवाल्या मावशींनी मोबाइल पुढे केला. गुजरातीत मेसेज होता: उष्णतेची लाट, बारा ते चार बाहेर पडणं टाळा.

मावशी हसल्या. "मग ही कोथिंबीर कोण विकणार?"

कोथिंबिरीवर ओलं गोणपाट, त्यावर सारखा पाण्याचा हबका. मावशींच्या डोक्यावर नुसता पदर.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादचा पारा ४६.८ वर गेला, त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले. तेव्हा कुठे २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला. इशारे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी. चांगलंच आहे हो सगळं! पण त्या 'टाळा'चं मावशींनी काय करायचं?

घरी येऊन कूलर लावला. पिशवीतली कोथिंबीर अजून गारच होती.