मायनर लीगमध्ये प्लेऑफची जागा कशी मिळते आणि कशी हातची जाते

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या बेसबॉलच्या, शर्यतीवर सगळीकडे रकानेच्या रकाने लिहून येतात. त्याच दिवसांत मायनर लीगमध्ये, म्हणजे त्याखालच्या पातळ्यांवर, डरहॅम, नॉरफोक, ब्रिजवॉटर अशा गावांत जी चुरस चालू असते तिच्याबद्दल मराठीत जवळपास काहीच वाचायला मिळत नाही. खरं तर न्यू जर्सीत किंवा रॉली-डरहॅम भागात राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना मेजर लीगपेक्षा हीच मैदानं जवळची आहेत. आपल्या क्रिकेटच्या सवयीने तिथला गुणतक्ता बघितला तर मात्र गोंधळ होतो, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी रचना. 2021 पासून मेजर लीगच्या 30 क्लबांना प्रत्येकी चार संलग्न संघ आहेत, वरून खाली: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. म्हणजे एकूण 120. मैदान, तिकीटविक्री, खाण्याचे स्टॉल आणि शुभंकर हे सगळं स्थानिक मालक बघतो. खेळाडू, त्यांचे पगार, मॅनेजर आणि कोच मात्र वरच्या क्लबचे. कोणी कितव्या क्रमांकावर बॅटिंग करायची, पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) किती चेंडू टाकायचे, कोणाला कधी वर न्यायचं, हे बहुतांशी वरूनच ठरतं. गावाला आपला संघ जिंकायला हवा असतो, वरच्या क्लबला आपला खेळाडू तयार व्हायला हवा असतो. बाकी सगळं या ताणातून येतं.

हंगाम दोन भागांत मोडतो. डबल-एचे 138 सामने, म्हणजे प्रत्येक भागात साधारण 69. ट्रिपल-एचे 150, म्हणजे 75-75. हाय-ए आणि सिंगल-एचे 132. जूनच्या उत्तरार्धात पहिला भाग संपतो, सगळ्यांची पाटी कोरी होते आणि दुसरा भाग शून्यापासून सुरू होतो. खालच्या तीन पातळ्यांवर प्रत्येक डिव्हिजनमधला (लीगमधल्या गटातला) पहिल्या भागाचा विजेता आणि दुसऱ्या भागाचा विजेता आपसात तीन सामन्यांची मालिका खेळतात, हीच प्लेऑफची सुरुवात. ट्रिपल-एमध्ये 2023 पासून अख्ख्या लीगमधून असे दोनच संघ निवडले जातात. ट्रिपल-एच्या इंटरनॅशनल लीगमध्ये 20 संघ आहेत, त्यामुळे तिथे एका भागात 19 संघांचा हिरमोड होतो. एकाच संघाने दोन्ही भाग जिंकले तर दुसरी जागा वाइल्ड कार्डने, म्हणजे भाग न जिंकलेल्या संघाला देऊन, भरतात.

म्हणून ऑगस्टमध्ये तक्ता उघडाल तेव्हा दुसऱ्या भागाचाच उघडा. वर्षभराच्या एकूण आकड्यांत चौथा दिसणारा संघ दुसऱ्या भागात पहिला असू शकतो, आणि शर्यत त्याच्याच हातात असते.

आता मॅजिक नंबर, म्हणजे पुढे असलेल्या संघाची जागा पक्की व्हायला अजून किती निकाल बाजूने लागायला हवेत तो आकडा. समजा डबल-एमध्ये 60 सामन्यांनंतर अ संघ 38-22 (विजय-पराभव) आणि ब संघ 36-24 आहे. ब दोन सामन्यांनी मागे. मॅजिक नंबर काढायचा तर भागातल्या एकूण सामन्यांत एक मिळवायचा, त्यातून अचे विजय आणि बचे पराभव वजा करायचे: 69 + 1 − 38 − 24 = 8. अचे विजय आणि बचे पराभव मिळून आठ झाले की जागा पक्की. बरोबरी झाली तर ती मोडायला जादा सामना खेळवत नाहीत, आधी आपसातल्या सामन्यांचा हिशोब बघतात. त्या हिशोबात अ वरचढ असेल तर आठऐवजी सातच पुरतात. ऑगस्टच्या मध्यावर दोघांच्या आपसातल्या सामन्यांची नोंद काढून ठेवा, शेवटच्या तीन दिवसांत तीच कामाला येते.

हे गणित पाऊस बिघडवतो. नऊपैकी पाच इनिंग्ज पूर्ण व्हायच्या आत सामना थांबला तर तो दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे खेळतात आणि त्या दिवशीचा ठरलेला सामना सात इनिंग्जचा होतो. मालिकेच्या शेवटच्या दिवशी पाऊस आला आणि त्या भागात दोन्ही संघांची पुन्हा गाठ नसेल, तर सामना बहुधा रद्दच होतो. मग संघांच्या सामन्यांची संख्या सारखी राहत नाही आणि क्रम टक्केवारीवर लावावा लागतो. अचे दोन सामने वाहून गेले आणि तो 41-26 वर थांबला, ब मात्र सगळे 69 खेळून 42-27 वर आला, असं धरू. बचा एक विजय जास्त आहे. ‘गेम्स बिहाइंड’ (किती सामने मागे ते) काढलं तर उत्तर शून्य येतं. पण अची टक्केवारी .612 आणि बची .609, म्हणून जागा अची. रद्द झालेला सामना पुढे असलेल्या संघाच्या पथ्यावर पडतो. त्यामुळे शेवटच्या रविवारी मागे असलेल्या संघाच्या मैदानावर ताडपत्री ओढायची वेळ आली की तिथल्या लोकांचे चेहरे बघवत नाहीत.

वेळापत्रकाचा परिणाम त्याहून मोठा. 2021 पासून साधारणपणे मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सलग सहा सामने आणि सोमवारी सुट्टी असा क्रम आहे. शर्यतीतले दोन संघ शेवटच्या आठवड्यात समोरासमोर आले तर दोन सामन्यांची आघाडी काहीच नाही. मागच्याने मालिका 4-2 जिंकली की बरोबरी, 5-1 जिंकली की तोच दोनने पुढे. सहा दिवस तेच पिचर समोर असल्यामुळे गुरुवार-शुक्रवारपर्यंत बॅटरना रिलीव्हरचा (नंतर बदली येणाऱ्या पिचरचा) स्लायडर (वळणारा चेंडू) हातातून सुटतानाच ओळखू येऊ लागतो. मंगळवारी तीन बॅटर झटपट बाद करणारा रिलीव्हर शनिवारी त्याच तिघांकडून मार खातो, यात नवल नाही.

पिचिंगचा आठवडा कसा संपतो हे जवळून बघा. सहा सामने म्हणजे सहा स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर), प्रत्येकाला आठवड्यातून एकदा. तरुण पिचरवर चेंडूंची मर्यादा असते, बऱ्याचदा 75 ते 90, आणि वर्षभराच्या इनिंग्जचीही. गेल्या वर्षी 80 इनिंग्ज टाकलेल्या पोराला यंदा 100-110 च्या पलीकडे सहसा नेत नाहीत. ही मर्यादा नेमकी ऑगस्टच्या शेवटी गाठली जाते. मग पाच इनिंग्ज टाकणारा स्टार्टर तीनवर येतो आणि उरलेल्या सहा बुलपेनच्या (रिलीव्हरच्या ताफ्याच्या) गळ्यात पडतात. रिलीव्हरला सलग तीन दिवस वापरायचं नाही, 25-30 चेंडू टाकले असतील तर निदान एक-दोन दिवस विश्रांती द्यायची, असे दंडक वरून आलेले असतात. बुधवारी एका स्टार्टरची दुसऱ्याच इनिंगमध्ये धुलाई झाली आणि शुक्रवारी सामना जादा इनिंग्जमध्ये गेला, तर रविवारी मॅनेजरकडे दोनच ताजे हात उरतात. एक धावेची आघाडी आहे, आठवी इनिंग आहे आणि सर्वांत भरवशाचा रिलीव्हर बाकावर बसून आहे, असं दृश्य दिसलं की लोक मॅनेजरच्या नावाने ओरडतात. त्याच्या हातात फारसं काही नसतं. आदल्या दोन दिवसांचे बॉक्स स्कोर (सामन्यांचे तपशीलवार धावफलक) उघडून कोणी किती चेंडू टाकले ते बघितलं तर कोण उपलब्ध आहे याचा अंदाज सामन्याआधीच येतो.

आता खेळाडूंची ये-जा. रणजीच्या बाद फेरीच्या तोंडावर मुंबईचे चार जण भारतीय संघात जावेत, तसा प्रकार इथे दर आठवड्याला होतो. ट्रेड डेडलाइन (क्लबांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख) जुलैअखेरच्या सुमाराला येते. तेव्हा वरच्या क्लबने अनुभवी पिचर मिळवण्यासाठी डबल-एचा शॉर्टस्टॉप (मोक्याच्या जागेचा क्षेत्ररक्षक) देऊन टाकला, की डबल-एची शर्यत तिथेच लंगडी होते. 1 सप्टेंबरला मेजर लीगचा रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) 26 वरून 28 होतो, सहसा एक पिचर आणि एक फलंदाज वर जातात. त्यांची जागा ट्रिपल-ए डबल-एमधून भरतं आणि डबल-ए हाय-एमधून. खेळाडूंना याचं वाईट वाटत असेल असं समजू नका. 2023 च्या करारानुसार ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार 35,800 डॉलर आणि सिंगल-एचा 26,200 डॉलर. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार 7,20,000 डॉलर होता, म्हणजे हंगामातल्या दर दिवसाला 3,800 हून जास्त. नऊ-दहा दिवस वर राहिलं की ट्रिपल-एच्या अख्ख्या वर्षाचा किमान पगार सुटतो.

उलट्या दिशेची रहदारीही असते. मेजर लीगचा जखमी खेळाडू सरावासाठी खाली येतो, बॅटरला 20 दिवसांची मुभा आणि पिचरला 30. नाव मोठं, तिकिटं खपतात, पण तो पाच इनिंग्ज खेळून ठरल्याप्रमाणे बाहेर जातो, सामना कितीही रंगात असला तरी. जुलैच्या ड्राफ्टमधले (क्लब नवे खेळाडू निवडतात त्यातले) कॉलेजचे खेळाडू ऑगस्टमध्ये सिंगल-एत येऊन दाखल होतात. याच पातळीवर 2012 साली आपला रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू नव्हे, हा वेगळा) वेस्ट व्हर्जिनिया पॉवरकडून डावखुरी पिचिंग करत होता.

शर्यतीतल्या संघाला खरा फायदा होतो तो वेगवेगळ्या पातळ्यांचे हंगाम वेगवेगळ्या दिवशी संपतात म्हणून. 2023 मध्ये सिंगल-ए आणि हाय-ए 10 सप्टेंबरला संपले, डबल-ए 17 ला आणि ट्रिपल-ए 24 ला. खालचा संघ बाद झाला की त्यातला सर्वांत चांगला मुलगा वरच्या, अजून शर्यतीत असलेल्या संघात पाठवता येतो. यांकीजने 2022 मध्ये तरुण हसॉन डोमिंगेसला सिंगल-एच्या टॅम्पाहून हाय-एच्या हडसन व्हॅलीला आणि सप्टेंबरात डबल-एच्या सॉमरसेट पेट्रियट्सकडे आणलं. सॉमरसेटने त्या वर्षी डबल-एची ईस्टर्न लीग जिंकली. निर्णायक सामन्यात ईरी सीवुल्व्ह्जला एकही हिट मिळू दिली नाही, 15-0. रँडी व्हास्केझने आठ इनिंग्ज टाकल्या आणि नववी कार्सन कोलमनने. पुढे सामनाच उरलेला नसला की इनिंग्ज राखून ठेवायचं कारण उरत नाही, आणि वर्षभर आवरून धरलेला पिचर काय करू शकतो ते तेव्हा दिसतं.

सगळे धागे एकत्र बघायचे तर 2023 ची इंटरनॅशनल लीग घ्या. पहिला भाग बाल्टिमोर ओरिओल्सच्या नॉरफोक टाइड्सने जिंकला, दुसरा टॅम्पा बे रेजच्या डरहॅम बुल्सने. वरती हेच दोन क्लब अमेरिकन लीग ईस्ट या डिव्हिजनसाठी भांडत होते, बाल्टिमोर 101 विजयांवर थांबलं आणि टॅम्पा 99 वर. साहजिकच दोघांनाही खालून माणसं हवी होती. नॉरफोकची जागा जूनमध्येच पक्की झाल्यामुळे बाल्टिमोरला हात मोकळा होता. हेस्टन कर्स्टॅड 14 सप्टेंबरला मेजर लीगमध्ये उतरला. त्याच महिन्यात 19 वर्षांचा जॅक्सन हॉलिडे नॉरफोकला आला. 2022 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, आणि एकाच वर्षात डेलमार्वा, अबरडीन, बोवी, नॉरफोक अशा चारही पातळ्या त्याने पार केल्या. टॅम्पाने हुनिओर कामिनेरोला ट्रिपल-ए गाळून डबल-ए मॉन्टगोमेरीतून थेट वर नेलं. शेवटी नॉरफोकने डरहॅमला हरवलं आणि 30 सप्टेंबरला लास वेगासमध्ये ओक्लाहोमा सिटीला 7-0 ने नमवून ट्रिपल-एचं विजेतेपद घेतलं. जूनमध्ये पात्र ठरलेला संघ आणि सप्टेंबरात चषक उचलणारा संघ यांत बरीच नावं वेगळी होती. माझ्या मते यात नॉरफोकचं श्रेय रतीभरही कमी होत नाही. नवी माणसं दर आठवड्याला सामावून घेत जिंकणं हेच इथलं कौशल्य आहे.

प्लेऑफमुळे खेळाडूंच्या तयारीत व्यत्यय येतो, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. नवव्या इनिंगला, बेसवर दोन धावपटू असताना, हरलो तर उद्या घरी जायचंय अशा वेळी टाकलेला चेंडू सरावात तयार करता येत नाही. एकविसाव्या वर्षी तो अनुभव मिळालेला बरा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर सोमवार टाळा, बहुधा सामनाच नसतो. जाण्याआधी एमआयएलबीच्या (मायनर लीगच्या) संकेतस्थळावर संघाच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’ची यादी बघा, कालपर्यंतचा तिसऱ्या क्रमांकाचा बॅटर आज संघात आहे का ते तिथेच कळतं. सॉमरसेटचं मैदान ब्रिजवॉटर स्टेशनला लागून आहे, रॅरिटन व्हॅली लाइनची गाडी थेट तिथे थांबते. बालाजी मंदिरही त्याच गावात, त्यामुळे रविवारी दर्शन आणि सामना दोन्ही जमतं. फक्त रविवारचा सामना बहुधा दुपारी असतो, कारण पाहुण्या संघाला संध्याकाळी बस गाठायची असते. ईस्टर्न लीगमध्ये पोर्टलंड ते रिचमंड हे अंतर रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर आहे. डबलहेडर (एकाच दिवशी दोन सामने) असेल तर दोन्ही सामने सात-सात इनिंग्जचे असतात, तेव्हा पहिल्याच सामन्याला वेळेवर पोहोचा. जादा इनिंग्ज लागल्या तर दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवूनच खेळ सुरू होतो, म्हणून आठवी ते दहावी एवढ्या वेळात जागेवरून उठू नका.